मनगटावरचा सलाम

शलाका धुमाळला त्या वर्षी आपला आवाज सापडला होता. आठवीपर्यंत ती वर्गात "हजर" म्हणायची तेवढंच. मग ऐन वेळी कुणाचा तरी घसा बसला म्हणून कानडे बाईंनी तिला वक्तृत्व स्पर्धेच्या व्यासपीठावर ढकललं आणि ही पोरगी जिल्ह्यात पहिली आली. तेव्हापासून तिला आवरणं कठीण झालं होतं. प्रश्न म्हटलं की हिचा हात वर, सूचना म्हटलं की हिचा हात वर. मोहरगावच्या त्या शाळेत डॉक्टर ईशान बेडेकर नावाचे तरुण शास्त्रज्ञ एक पट्टी दाखवायला आले, त्या दिवशी तर तिचा हात खाली यायलाच तयार नव्हता.

पट्टी बोटभर रुंद, कापडासारखी मऊ, आतून चंदेरी. नाव 'मानबंध'. शहरातल्या पोलिसांसाठी बनवलेली. बेडेकर सर बोलायला झकास होते. त्यांनी फळ्यावर मेंदू काढला आणि सांगितलं, की आपण जागे असतो तोवर मेंदूच्या पेशी काम करता करता मागे एक रसायन टाकत जातात, अ‍ॅडेनोसिन. ते साठत गेलं की मेंदू म्हणतो, पुरे, झोपा आता. चहा-कॉफी त्या रसायनाची बसायची जागा अडवते, म्हणून तरतरी येते. रसायन जात कुठेच नाही, बाहेर ताटकळत उभं राहतं.

"पण चहापेक्षाही जालीम एक गोष्ट आहे," ते म्हणाले. "शाबासकी. दमून पेन खाली ठेवलेलं असतं, तेवढ्यात बाई म्हणतात, वा, काय सुंदर सोडवलंस. लगेच पुढचं गणित सुटतं की नाही?"

मुली हसल्या, कारण ते खरं होतं.

मेंदूच्या बुडाशी पेशींचा एक निळसर ठिपका असतो. कौतुक झालं की तो चेततो आणि सगळ्या मेंदूला हुशारीचा निरोप धाडतो. बेडेकरांच्या संस्थेने मनगटातल्या मज्जातंतूतून अगदी हलक्या विजेच्या लहरी पाठवून तो ठिपका चेतवायची युक्ती शोधली होती. नागरिकाने फोनवर एखाद्या पोलिसाचं नाव शोधायचं, 'सलाम' दाबायचं, की त्या पोलिसाच्या मनगटावर टिक. माणसाचं कौतुक, विजेचा वेग. सर म्हणाले, जनतेचा आदर आता पोलिसांच्या थेट रक्तात पोचेल, आणि टाळ्या पडल्या.

फक्त हा पोलिसांना द्यायचा कसा, असं त्यांनी सहज विचारलं. सरकारी समारंभ ठेवला की सगळं रुक्ष होतं म्हणाले.

शलाकाचा हात वरच होता. "राखीपौर्णिमेला बांधू या की सर. नाहीतरी आम्ही दरवर्षी ताटं घेऊन पोलीस ठाण्यात जातोच. या वेळी दोऱ्याच्या जागी हे बांधू."

सरांनी खडू खाली ठेवला आणि नुसते तिच्याकडे बघत राहिले. खरोखरच तिच्या मेंदूतला तो निळा ठिपका त्या क्षणी दिवाळीसारखा पेटला असणार, कारण घरी जाताना तिला दप्तर जाणवलंच नाही.

तिची आई, वैजयंता धुमाळ, शहर वाहतूक शाखेत हवालदार होती आणि मोहरगावच्या गूळबाजार चौकात उभी राहायची. उभी राहायची, एवढंच तिच्या नोकरीचं खरं वर्णन. ऊन असो, सभा असो, सिग्नल बंद पडलेला असो, ती उभी. लोक तिच्यासमोरून उलट दिशेने गाडी घालायचे आणि अडवलं की म्हणायचे, ए बाई, बाजूला हो, ओळखतेस का मी कोण. कॉलेजची पोरं मोटरसायकलवरून "पांडू, पांडू" करत जायची, बाईमाणूस आहे म्हणून त्यात आणखी काहीतरी जोडायची. शलाका लहानपणी शाळेच्या व्हॅनमधून तो चौक ओलांडताना मान खाली घालायची. व्हॅन तिचे पप्पाच चालवायचे. तेही मान खाली घालायचे की काय, हे तिने कधी बघितलं नव्हतं, कारण तिची स्वतःची खाली असायची.

राखीपौर्णिमेला ठाण्याच्या आवारात मुलींनी ओवाळलं, कुंकू लावलं, मानबंध बांधले. शलाकाने हट्टाने आईचाच पाट धरला. आपलं रक्षण करतो त्याला राखी, मग आई का नको, असं तिने तिथल्या तिथे छोटं भाषणच ठोकलं. तिची मैत्रीण रुक्सार हिच्या वाट्याला बनसोडे काका आले, निवृत्तीला टेकलेले, मिशीतल्या मिशीत हसणारे. त्यांनी तिला चक्क गुळाची ढेप ओवाळणी घातली. मग फोन निघाले, सलाम सुटले, आणि सगळ्या आवारात टिक टिक टिक. आईने मनगटाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते शलाकाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. जणू वर्गात कुणीतरी पहिल्यांदाच तिचं नाव बरोबर उच्चारलं होतं.

पहिले काही दिवस मस्त गेले. आई कामावरून आली तरी तरतरीत. गाणं गुणगुणत भाकऱ्या थापायची. दहीहंडीत तिने चेंगराचेंगरीतून एका पोराला खांद्यावर उचलून बाहेर काढलं, त्याची चित्रफीत राज्यभर फिरली आणि हवालदार वैजयंता धुमाळ हे नाव कुठल्या कुठे पोचलं. सलाम येतच राहिले. त्यात कुणीतरी डोकं लढवून अशी सोय केली, की रोज ठरलेले सलाम घातले तर वाहतुकीच्या दंडात सूट. मग काय विचारता. हेल्मेट न घालता फिरणारे लोक सकाळी चहा पिता पिता पोलिसांवर प्रेमाचा वर्षाव करू लागले.

आणि मग गोष्टी एकेक करून हलायला लागल्या, आवाज न करता. आईला दुपारी सोडवायला येणारा बदली शिपाई येईनासा झाला. आठवड्याची सुट्टी गेली. ती कुणी काढून घेतली नाही, सगळ्यांनी स्वखुशीने सोडली असं जाहीर झालं. चौकातल्या छत्रीखालचं स्टूल उचललं गेलं, कारण त्यावर कुणी बसतच नव्हतं. बंदोबस्ताच्या ठिकाणी महिला पोलिसांसाठी फिरतं शौचालय यायचं, तेही बंद झालं. मागणी नाही म्हणे. ज्याला काही जाणवतच नाही, तो मागणार काय?

पोलीस लाइनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आई आता पाहुण्यासारखी यायची. गणपती बसले तशी ती फक्त गणवेश बदलायला यायची. बूट काढायची नाही, कारण काढले की पुन्हा पायात जात नव्हते.

एका संध्याकाळी भारताची मॅच होती. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि शलाका तिथेच पाटावर गणितं सोडवत होती. बराच वेळ टिक ऐकू आली नाही, कारण सगळं शहर टीव्हीला चिकटलं होतं. शलाकाने सहज वर बघितलं. आईच्या हातातलं लाटणं थांबलं होतं. पापण्या मिटल्या होत्या. ती उभ्या उभ्या एका बाजूला कलत होती, जुना विजेचा खांब कलावा तशी.

बिचारी, शलाकाच्या मनात आलं, कुणी आठवणच काढत नाहीये आज. तिने प्रेमाने फोन घेतला आणि आईच्या नावापुढचा सलाम दाबला.

टिक. आई दोरी ओढावी तशी ताठ झाली आणि लाटू लागली.

थोड्या वेळाने पुन्हा कलली. शलाकाने पुन्हा दाबला. पुन्हा ताठ. शलाकाला गंमत वाटली, मग गंमत वाटेनाशी झाली, पण आई पडेल या भीतीने तिने तिसऱ्यांदा कलताना पुन्हा दाबला. टिक. आई सरळ झाली, पुढची पोळी घेतली, आणि मग शलाकाला वास आला. पोळीचा नव्हता तो. आईचा डावा तळवा कलताना तव्यावर टेकला होता. अख्खा लाल, कडेला पांढरा फोड वर येत होता, आणि त्याच हाताने ती पुढचा गोळा मळत होती.

"आई, हात."

"काय झालं हाताला?" आईने विचारलं. खरोखरच विचारलं.

शलाकाने तिला ओढत नळाखाली नेलं. तोटी पूर्ण सोडून तिने तो तळवा धारेखाली धरला. तीन वेळा तिने आईला उठवलं होतं. आईचं शरीर दरवेळी म्हणत होतं, पुरे, आणि दरवेळी तिच्या अंगठ्याने ते बोलणं खोडून काढलं होतं. असे किती अंगठे होते बाहेर, चहा पिणारे.

पप्पांनी मलम लावलं, पट्टी बांधली. ते फारसं बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी आपल्या विजेवर चालणाऱ्या व्हॅनची जुनी गोष्ट काढली. बॅटरी दाखवणारा काटा एकदा 'पूर्ण'वरच अडकला होता. ते खुशीत पोरांना घेऊन घाट चढले आणि भर वळणावर गाडी थांबली, ब्रेकसुद्धा जड झाले. "काटा धरून ठेवला म्हणून बॅटरी भरत नाही, वैजू," ते म्हणाले. "काढ ते."

आईने मनगट छातीशी धरलं.

"तुम्ही दोघं माझ्याविरुद्ध झालात का? ओवाळून बांधलंय पोरीनं. राखी आपल्या हाताने सोडतात का कधी? ती झिजून गळायची असते."

"ही झिजणारी नाहीये, आई."

"मग नाही झिजणार."

"मी बांधलीय ना, मीच सोडते." शलाका पुढे झाली. आईने तिचा हात असा झटकला की शलाकाची बांगडी फुटली.

मग आई खालच्या आवाजात बोलली. चौकात इतकी वर्षं लोकांनी तिला खांब समजून तिच्याशेजारी पिचकाऱ्या मारल्या होत्या. परवा एक म्हातारी आली, तिचा हात हातात घेऊन नुसती उभी राहिली. कुणी पाण्याची बाटली देतं, कुणी पोराला दाखवतं, बघ, ह्या त्या मॅडम. "तुला नाही कळायचं, शलू. पहिल्यांदा बघतात गं लोक माझ्याकडे. ते काढून टाक म्हणतेस?"

"बघत नाहीत," शलाका म्हणाली. "बटण दाबतात."

आईने गणवेशाची टोपी उचलली आणि ती गेली. जिन्यावर तिच्या मनगटाची टिक टिक बराच वेळ ऐकू येत होती. मॅच संपली असावी.

दुसऱ्याच आठवड्यात शहराने कृतज्ञता सोहळा ठेवला. विसर्जनाच्या आदल्या दिवशी, सकाळी, जिल्हा क्रीडा मैदानावर. सगळ्यात जास्त सलाम मिळवणाऱ्या पोलिसाचा सत्कार पालकमंत्र्यांच्या हस्ते, आणि तो पोलीस कोण हे सांगायला नकोच. सत्कारमूर्तीची मुलगी वक्तृत्वात पहिली, म्हणून मंत्र्यांआधी तिचं भाषण. भाषणाच्या शेवटी तिने एक-दोन-तीन म्हणायचं आणि सगळ्या मैदानाने एकाच वेळी सलाम दाबायचा, असा कार्यक्रम. कानडे बाईंनी तिला मिठी मारली. शलाकाने त्या मिठीत दात आवळले.

तयारी चालू होती तेव्हा शाळेचा वाद्यवृंद तालमीला मैदानावर गेला आणि ती त्यांच्याबरोबर गेली. मंडपात बेडेकर सर मोठ्या पडद्याच्या वायरी तपासत होते. तिला बघून खूश झाले. तिने सरळ भाजलेल्या हाताचं सांगितलं. ते चपापले, पण त्यांच्याकडे उत्तर होतं. ड्युटी संपली की मानबंध काढायचा, सूचनांमध्ये पहिलंच वाक्य आहे. काढला की अडवलेला थकवा एकदम आत येतो, माणूस गाढ झोपतो, उठतो तेव्हा ताजा. चाचणीत एकही अडचण आली नव्हती.

"चाचणी कुणावर घेतलीत सर?"

"आमच्या संस्थेतले विद्यार्थी होते. हात धुवायलासुद्धा काढून ठेवायचे."

"त्यांना कुणी ओवाळून बांधला होता का?"

सर पुन्हा वायर जोडू लागले.

"लाइनीत एकाच्याही हातातून तो उतरलेला नाही," शलाका म्हणाली. "झोपतानाही नाही, म्हणजे झोपतच नाहीत. राखी आहे ती. राखी काढत नाहीत, सर. मला आधी सुचायला हवं होतं. तुम्हाला सुचायला नको होतं?"

बेडेकरांनी नकळत आपल्या उजव्या मनगटाकडे बघितलं. शर्टाच्या बाहीतून एक विटका केशरी गोंडा डोकावत होता, बहिणीने बांधलेला. त्यांनी बाही खाली ओढली.

मग त्यांनी ते सगळं सांगितलं जे मोठी माणसं अशा वेळी सांगतात. यंत्रणा आता त्यांच्या हातात नाही. निर्णय वरून होतात. विसर्जनानंतर ते स्वतः अहवाल देणार आहेत. आणि तसा फार धोका नाही, हृदयाचे ठोके बिघडले तर पट्टी आपोआप बंद होते.

"बिघडल्यावर?"

"हो," ते म्हणाले. "बिघडल्यावर."

"आणि सगळ्या मैदानाने एकदम दाबल्यावर?"

त्यांनी एकदा मंचाकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, एवढे सलाम एका माणसाला एकदम कधी दिलेलेच नाहीत, त्यामुळे सांगता येत नाही. आणि वायर गुंडाळता गुंडाळता, जणू स्वतःशीच, एवढं पुढे बोलले: सोहळ्यापुरता आईचा मानबंध फक्त मैदानातल्या फोनांना जोडलेला राहील. बाहेरचा एकही सलाम तिच्यापर्यंत पोचणार नाही. पडद्यावरचा आकडा खरा दिसावा म्हणून तशी मागणी झाली होती.

शलाकाला त्यांना थोबाडावं असंही वाटलं आणि आभार मानावेत असंही, आणि तिने दोन्ही केलं नाही.

तिने घरी आईला एकदा सांगून बघितलं, जाऊ नकोस म्हणून. आई म्हणाली, मंत्रीसाहेब स्वतः येतायत गं, आणि बिल्ल्याला पॉलिश करत राहिली. त्याच बिल्ल्याला, पुन्हा पुन्हा.

सोहळ्याच्या सकाळी मैदान गच्च भरलं. पोलिसांविषयीच्या कृतज्ञतेच्या त्या कार्यक्रमाला बंदोबस्त अर्थातच पोलिसांचा होता. लोक मंडपाच्या सावलीत खुर्च्यांवर बसले होते आणि ज्यांच्यासाठी ते जमले होते ती माणसं उन्हात कठड्यांना पाठ लावायचीही परवानगी नसताना उभी होती. पहाटेपासून. मंचावर पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, मधली सगळ्यात उंच, तिच्यावर टर्किशचा टॉवेल. मंत्र्यांना उशीर होता, म्हणून ती रिकामी. मागे पडदा, पडद्यावर आईचं थेट चित्र, नाव आणि धावता आकडा. आणि मंचाच्या कडेला आई, सावधान. बुटाच्या नाड्या सुटलेल्या होत्या, कारण त्या आता बांधल्याच जात नव्हत्या. डाव्या तळव्याला पप्पांनी बांधलेली पट्टी. लोक अधूनमधून गंमत म्हणून दाबत होते, टिक, टिक, आणि आईच्या ओठांवर एक हसू लावल्यासारखं बसलं होतं. डोळे मात्र त्या हसण्यात नव्हते.

निवेदकाने शलाकाचं नाव पुकारलं. ती ध्वनिक्षेपकासमोर आली. पाठ केलेलं भाषण तिला अथपासून इतिपर्यंत येत होतं, आणि ते चांगलं होतं, हे तिला माहीत होतं.

"फोन काढा सगळ्यांनी," ती म्हणाली.

हजारो फोन वर आले.

"आता ते पालथे ठेवा. मांडीवर. मला तुमचं एक मिनिट हवंय. ह्या एका मिनिटात माझ्या आईला कुणीही सलाम करायचा नाही."

हशा पिकला. लोकांना वाटलं, भाषणाची युक्ती आहे, आधी शांतता, मग धमाका. बरेचसे फोन खाली गेले. पडद्यावरचा आकडा मंदावला, पण थांबेना. दोघे-तिघे चेकाळून दाबतच होते.

"तिसऱ्या रांगेतले निळा शर्टवाले दादा," शलाका म्हणाली. "हेल्मेट घाला की सरळ. माझ्या आईच्या अंगातून कशाला दंड वसूल करताय?"

आता हसणं वेगळं होतं. शेजाऱ्यांनी त्या दादांचा फोन खाली करायला लावला. आकडा थांबला. टिक थांबली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. निवेदक घड्याळाकडे बघू लागला. मग आईच्या ओठांवरचं ते हसू गळून पडलं. खांदे उतरले. तिने आजूबाजूला असं बघितलं, जणू एखाद्या अनोळखी स्टँडवर उतरली आहे. मग डावा हात वर घेतला, पट्टी बांधलेला तळवा चेहऱ्याजवळ आणला आणि त्याच्यावर फुंकर घातली. इतक्या दिवसांनी तिला तो हात दुखला होता. ती फुंकर घालत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि पडद्यावर ते सगळं बैलगाडीएवढं मोठं दिसत होतं.

आईचे गुडघे वाकले. तिने हात लांब करून जे पहिलं लागलं ते धरलं, आणि ती मधली उंच खुर्ची होती. ती तिच्यात बसली.

"ओ, ती साहेबांची आहे," निवेदक कुजबुजत धावला. त्याच्या मागून एक अधिकारी निघाले.

शलाका त्यांच्याआधी पोचली. ती आईसमोर गुडघ्यांवर बसली, आणि आता तिला वक्तृत्वातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. मागायचंसुद्धा सुचेना. आईने आपणहून हात पुढे केला. मनगट वर, जसं राखी बांधून घेताना करतात तसं.

"सोड, शलू," ती म्हणाली. "पाय खूप दुखतायत गं."

गाठ ओली आणि घट्ट झाली होती. शलाकाने दातांनी सोडवली. पट्टीखालची कातडी पांढरीफटक पडली होती. आईची मान मागे गेली आणि ती झोपली, तोंड उघडं, टोपी घसरलेली. सगळ्या मैदानासमोर वैजयंता हवालदार चक्क घोरायला लागली.

शलाकाने ध्वनिक्षेपक उचलला. तिचा आवाज फाटत होता, तो तिने फाटू दिला. "तुम्ही हिला उभं राहायची ताकद दिलीत," ती म्हणाली. "बसायला खुर्ची नाही दिलीत. ते स्टूल उचलून नेलं, तेव्हा तुमच्यातलं कुणी बोललं नाही. तुमचा आदर तुमच्याच खिशात राहिला आणि आई माझी संपत आली. कठड्याकडे बघा. सगळे आहेत तिथे. त्यांना आत्ताही कुणीतरी दाबतंय."

वाद्यवृंदातून रुक्सार उठली. ढोल तिथेच ठेवून ती खाली उतरली आणि बनसोडे काकांपुढे जाऊन हात पसरून उभी राहिली. काकांनी मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हटलं आणि मनगट पुढे केलं. मग आणखी मुली निघाल्या. सगळं काही सुंदर झालं नाही. एका फौजदाराने दोघींना हाकलून लावलं, एका तरुण शिपायाने हात मागे ओढला आणि तो रडायला लागला. कार्यक्रमाचा विचका केला म्हणत पुढच्या रांगेतली काही माणसं उठून गेली. बेडेकर सर मंचाच्या पायरीशी आपल्या बुटांकडे बघत उभे होते. पण मागच्या रांगेतून एक बाई आपली प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन निघाली, गर्दीतून वाट काढत थेट कठड्यापर्यंत, आणि बनसोडे काकांच्या मागे ती खुर्ची ठेवून स्वतः त्यांच्या जागी उभी राहिली, पदर खोचून. तिच्यामागून व्हॅनवाले पप्पा दोन्ही हातांत दोन खुर्च्या घेऊन येताना शलाकाला दिसले. त्यांची मान वर होती.

तेवढ्यात फाटकाशी सायरन वाजला. गाड्यांचा ताफा मंचामागे येऊन थांबला. पायऱ्यांवर पावलं धडधडली, सफारीतली माणसं वर आली आणि त्यांच्यामागून पालकमंत्री, हसरे, हात जोडलेले. त्यांची नजर मधल्या खुर्चीवर गेली. हसू जागच्या जागी राहिलं. सफारीतला एकजण आईच्या खांद्याकडे हात नेत पुढे झाला.

शलाका मध्ये उभी राहिली. पाय रोवून, पाठ ताठ, जशी आई गूळबाजार चौकात इतकी वर्षं उभी राहत आली होती तशी. उजवा तळवा तिने त्यांच्या छातीसमोर आडवा धरला.

"थांबा," ती म्हणाली. "हवालदार झोपल्यात."